नवरदेवा, लिंबू काढ पह्यले

आमच्या धामणगाव बढे गावातल्या कोणत्याही घरी जा, लग्नाचा अल्बम मागा आणि मंगलाष्टकांचं पान उघडा. अंतरपाट दिसेल, भटजी दिसतील, अक्षता हातात धरून ताटकळलेल्या पोरी दिसतील आणि नवरदेवाच्या कोपराखालून वर आलेलं एक टक्कल दिसेल. ते टक्कल नवरीकडे पाहत नाही, नवरदेवाकडेही नाही. ते पाहतं नवरदेवाच्या मुठीतल्या कट्यारीकडे. हे आमचे हबीबचाचा. गावातला फोटो स्टुडिओ माझा, त्यामुळे अल्बमही माझेच, आणि या एका टकलापायी मी जेवढ्या शिव्या खाल्ल्या तेवढ्या खारट वरणापायी आचाऱ्यानेही खाल्ल्या नसतील.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार येते. तिच्या टोकाला लिंबू खोचतात, नजर लागू नये म्हणून. मग हळद उतरेपर्यंत बिचाऱ्याने ती सोडायची नाही. जेवताना कट्यार, झोपताना कट्यार, मोबाइलवर बोलताना कट्यार काखेत. अशा त्रासलेल्या माणसासमोर जाऊन हबीबचाचा दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहतात आणि म्हणतात, "नवरदेवा, लिंबू काढ पह्यले."

चाचांचं दुकान माझ्या स्टुडिओला लागूनच आहे. विळे, कोयते, कात्र्या, अडकित्ते यांना धार लावायची, हा त्यांचा बापजाद्यांपासूनचा धंदा. धंदा पोटापुरता, जीव मात्र सगळा जुन्या हत्यारांत. घरात एक लांबलचक पेटी आहे. तिच्यात तलवारी, खंजीर, जंबिये, बिचवे, सगळे जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांत गुंडाळून झोपलेले. स्वतःला ताप आला तर चाचा चहा पिऊन दुकानात येतात. एखाद्या बिचव्यावर गंजाचा ठिपका दिसला तर दुकान बंद.

हत्यार ओळखायची त्यांची रीत ठरलेली. आधी नखाने टिचकी मारायची, मग पात्याला कान लावायचा, मग वास घ्यायचा आणि मग मालकाकडे अशा नजरेने पाहायचं की त्याने खुर्ची शोधावी. खंडेनवमीला घरोघरी जुन्या तलवारी पूजेला निघतात तेव्हा चाचा पहाटे आंघोळ करून, अत्तर लावून, बोलावण्याची वाट न पाहता फिरायला निघतात. एकदा आमच्या बापू देशमुखांच्या ओसरीवर गेले. बापूंची तलवार म्हणजे बापूंचा प्राण. पणजोबांनी लढाईत चालवलेली, असं ते दुधवाल्यालाही सांगत. चाचांनी टिचकी मारली, कान लावला.

"बापू, तुमचे पणजोबा गेले असतीन लढाईले. ही तलवार नव्हती गेली. ही ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याची हाय."

"मंग माहे पणजोबा काय ट्रकमंदी बसून गेल्ते?" बापू तापले.

"ते मले नाई सांगता येत," चाचा शांतपणे म्हणाले. "मी लोखंडाचं सांगतो. माणसाचं मले काई समजत नाई."

बापूंनी तीन वर्षं विळ्याला धार दुसऱ्या गावाहून लावून आणली.

आता लिंबाचं कारण. चाचांच्या घरची एक कट्यार हरवली आहे आणि ती शोधायला हा माणूस जिल्हाभरातली लग्नं हिंडतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. ती कट्यार त्यांच्या आजोबांच्या वेळची. गावातला प्रत्येक नवरदेव, जात कोणतीही असो, तीच मागून न्यायचा आणि पाचव्या दिवशी नारळ घेऊन परत आणून द्यायचा. माझ्या वडिलांनी तीच धरली होती. एकदा ती दगडावर पडून टोक मोडलं. चाचांच्या वडिलांनी ते पुन्हा घासलं, पण घासताना जरासं डावीकडे झुकलं. ही एक खूण. दुसरी खूण अशी, की पातं जुन्या पोलादाचं. असल्या पोलादाला लिंबाचा रस लागला की त्याच्या अंगावर बारीक बारीक रेघा उमटतात, चाचा त्याला जौहर म्हणतात. म्हणजे टोकही लिंबाखाली आणि जौहरही लिंबाखाली. मूठ काय, ती तर नवरदेवाच्या रुमालात. मग लिंबू काढल्याशिवाय कळणार कसं?

पण कळायच्या नादात काय काय होतं ते माझ्या कॅमेऱ्याला विचारा. मोताळ्याच्या एका लग्नात चाचांनी लिंबू काढलं, ते हातातून सटकलं आणि वऱ्हाड्यांच्या पायाखाली गेलं. मुहूर्त तोंडावर. स्वयंपाकघरात होतं नव्हतं ते लिंबू पिळून झालेलं. भटजी ओरडून राहिले, मामा धावून राहिले. शेवटी सलाइन लावलेल्या एका आजीसाठी आणलेली मोसंबी मिळाली. त्या नवरदेवाच्या साऱ्या फोटोंत कट्यारीला ही एवढी मोसंबी आहे. त्याची बायको अजून मला विचारते, दादा, आमच्यात असं काऊन केलं होतं? मी म्हणतो, तुमच्यावर नजर मोठी होती.

मी चाचांवर चिडायचो. "चाचा, पेटीभर हत्यारं हायेत तुमच्याकडे. एका कट्यारीसाठी लोकाइच्या लग्नात कायले तमाशा करता?"

"तुले नाई समजायचं संज्या. तू ट्रायपॉड सांभाळ."

समजलं ते माझ्या आईकडून. चाचा बाजाराला खामगावला गेले होते तेव्हा कुणीतरी कट्यार मागायला आलं आणि जुबेदाचाचीने नेहमीसारखी काढून दिली. त्या नवरदेवाने ती मावसभावाला दिली, मावसभावाने साळ्याला, आणि पुढे पत्ताच लागला नाही. चाचा तिला चारचौघांत वाट्टेल ते बोलले. त्यानंतर चाची कुणाकडे हळदीला गेली की आधी कट्यारीची चौकशी करायची, मग पान घ्यायची. दहा-बारा वर्षं तिने असंच विचारलं आणि विचारता विचारताच एका उन्हाळ्यात गेली. चाचांचं लग्नोलग्नी हिंडणं तिच्या मरणाचा चाळिसावा दिवस झाल्यावर सुरू झालं.

यंदा रोहिणखेडला लग्नाची ऑर्डर होती. चाचा माझ्या व्हॅनमध्ये लाइटच्या पेट्यांवर बसून आले, वाटेत दोन वेळा माझ्या ड्रायव्हिंगला धार लावून झाली. मांडवात शिरले ते थेट नवरदेवासमोर. "नवरदेवा, लिंबू काढ पह्यले."

पोरगं गरीब स्वभावाचं. त्याने काढलं. चाचांनी टिचकी मारायला नख उचललं आणि ते तसंच राहिलं. टोक डावीकडे झुकलेलं होतं. रस खाली ओघळला होता तिथे पात्यावर रेघा उमटल्या होत्या, वाऱ्याने तळ्याच्या पाण्यावर उमटाव्यात तशा.

"संज्या," चाचा म्हणाले, "हीच हाय."

मी कॅमेऱ्याचं झाकण लावलं. म्हटलं, आता लग्न होत नाही, आता रोहिणखेडची लढाई होते. नवरदेवाचा बाप धावत आला. सगळं ऐकून घेतलं आणि त्या भल्या माणसाने हातच जोडले. कट्यार त्यांच्या थोरल्या भावाच्या लग्नात कुण्या पाहुण्याने आणली होती, पाहुणा वारला, परत कोणाला द्यायची ते कुणालाच माहीत नव्हतं. "तवापासून भावकीतला हरेक पोरगा इच्यावरच बोहल्यावर चढला, चाचा. हळद उतरू द्या, परवा मी सोता आनून देतो."

"किती झाले लग्नं?"

"वीस-बावीस तरी."

"अन् सारे नीट हायेत?"

"हाव. एक सुनील बायकोले लय भेते, बाकी सारे नीट."

चाचा खो खो हसले. मग त्यांनी स्वतःच्या हाताने लिंबू पुन्हा खोचलं, नवरदेवाची मूठ घट्ट आवळून दिली आणि विचारलं, "पुढचं लग्न कवा हाय तुमच्याकडे?"

"पुतण्याचं हाय, पुढच्या महिन्यात."

"मंग राहू द्या इथीच. माह्याकडे आली तं पेटीत पडून राहीन. फक्त लिंबू काढल्यावर धुवत जा, कोरड्या फडक्यानं पुसत जा, तेलाचा हात मारत जा." पुढे वीस मिनिटं तेल कोणतं यावर भाषण झालं. भटजींनी दोनदा घड्याळ दाखवलं.

परतताना चाचा पुढे माझ्या शेजारी बसले. मला राहवेना. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. "एवढे वर्षं जिल्हा पालथा घातला अन् सापडली तं ठेवून आले? मंग पायजे तं काय होतं तुमाले?"

ते खिडकीबाहेरच्या तुरीकडे पाहत म्हणाले,

"कट्यार नव्हती पायजे रे. तुह्या चाचीले मी लय बोललो होतो. घरातली एक चीज सांभाळता येत नाई तुले, असं चारचौघांत बोललो. चीज हरपलीच नव्हती. कामावर होती. हे तिले सांगाचं रायलं." डोळे पुसायला त्यांनी हत्यारं पुसायचं फडकंच काढलं. मी व्हॅन हळू केली.

"तुह्याकडे फोटो आला असीन ना?"

"आला."

"नवरदेव काप. हात अन् कट्यार राहू दे. उद्या कब्रस्तानात जाईन मी."

"पोस्टकार्ड साइजचा काढून देतो सकाळी, खिशात बसीन."

"मोठा काढ," चाचा म्हणाले. "तिची नजर कमजोर होती."