पाच जणायले दाखोतो

वानखडे कंपाउंडर माणसाला वस्तूसमोर उभं करत आणि स्वतः तोंडावर बोट ठेवत. वस्तू कुठलीही चाले. नवी कडी, स्टोव्ह, माझी छत्री.

"मी मुका हाय, सिस्टर. तुमी उघडा, अन् मनात काय येते ते मोठ्यानं बोला."

छत्री माझी, आणि परीक्षाही माझीच! हात जिथे अडखळेल तिथे ते वहीत फुली मारत. दवाखान्याला नवं दार बसलं तेव्हा तासभर समोर बसून त्यांनी ढकलायचं दार ओढणारे सतरा जण मोजले. "सतरा लोक येडे नसतात. दार येडं असते," म्हणाले, आणि सुताराला बोलावून दार फिरवून घेतलं.

वाशीमजवळच्या एका खेड्यातल्या त्या दवाखान्यात मी आठ वर्षं त्यांच्यासोबत नर्स होते. तेव्हा पेशंट रिकाम्या बाटल्या घरूनच आणत. पिण्याचं औषध आणि चोळायचं तेल सारख्याच दिसणाऱ्या बाटल्यांतून जाई. एकदा गावातल्या गोदावरीबाई चोळायचं तेल प्यायल्या. उलटी झाली म्हणून वाचल्या. त्या दिवशी वानखडेंनी जेवणाचा डबा उघडला नाही.

डॉक्टर म्हणाले, "चोळायच्या बाटलीला लाल कागद लावा. संपलं."

"पाच जणायले दाखोतो, मंग लावतो."

"बाहेर रांग बघा!"

"रांगेतूनच घेतो, साहेब."

त्यांनी बाटल्यांत साधं पाणी भरलं. कोणती प्यायची, कोणती चोळायची ते एकदा सांगितलं, आणि तासाभरानं दोन्ही पुढ्यात ठेवल्या. पाचांतल्या तिघांनी लाल कागदाचीच तोंडाला लावली.

"लाल म्हंजे ताकदीचं!" एकानं आम्हालाच समजावलं.

मग वानखडेंनी कागदावर गुडघा काढून तो चोळायच्या बाटलीला चिकटवला. आसेगावच्या एका काकूंनी तो निरखून पाहिला. "वांगं खायचं नाई, हेच ना? कळलं पथ्य." आणि मजेत घोट घेतला. मला हसू आवरेना. वानखडेंनी फुली मारली.

डॉक्टरांचा संयम संपला. "सोमवारपर्यंत काय ते करा. मग लाल कागद."

सोमवारी वानखडे सुतळीचा गुंडा घेऊन आले. चोळायच्या बाटलीच्या गळ्याला तीन वेढे आणि गाठ. पुन्हा तेच पाणी, तोच तास. चौघांनी बरोबर बाटली उचलली. पाचव्या गोदावरीबाई. बाटलीकडे न बघता, माझ्याशी बोलत त्यांनी हात घातला, तो नेमका सुतळीवर पडला. हात थांबला.

"हे टोचते. हे पोटात नाई जात," म्हणाल्या आणि दुसरी उचलली.

डॉक्टर बघत होते. "हे कुठून सुचलं?"

वानखडे वही मिटत म्हणाले, "घरी मिठाच्या डब्याले हाय. साखरीले नाई. मंडळीले दिसत नाई न आता. काल तिच्यापुढं रडगाणं लावलं, तर म्हणे, मंग बाटलीले बी बांधा."

"दिसत नाही? कधीपासून?" मी विचारलं.

"तीन वर्सं झाली."

त्या तीनही दिवाळ्यांना वहिनींच्या हातचा चिवडा मी खाल्ला होता. मीठ कधी कमी-जास्त लागलं नव्हतं.

मी कात्री घेतली आणि सुतळीचे हात हात लांबीचे तुकडे पाडायला बसले. बाहेर चाळीस बाटल्या थांबल्या होत्या.