दुःखाच्या घरी भाडं नाही

आमच्या आकांक्षाने एका दुपारी मला विचारलं, "बाबा, शेठजींच्या दुकानात तुम्ही भाडं कसं लावता?" मी चहा पीत होतो. भाडं कसं लावतात एवढं सांगून कप खाली ठेवला असता, तर पुढचं काही घडलं नसतं. पण मी म्हणालो, "तू रेटची काळजी करू नको. ते माझ्याकडं लागलं." (आयुष्यात जी जी कामं माझ्याकडं लागली, ती शेवटी साधनाने केली आहेत. साधना म्हणजे आकांक्षाची आई.)

मी जालन्यात मस्तगडला अमृतलाल शेठच्या दुकानात कारकून आहे. लग्नकार्याला लागणाऱ्या सतरंज्या, खुर्च्या, कढया, पातेली आम्ही भाड्याने देतो. काय गेलं, कुठे गेलं, किती पोचे पडून परत आलं, हे मी लिहून ठेवतो. घरी रोजनिशीही लिहितो. भाजीत मीठ कसं होतं, हेही त्यात येतं. (साधनाला ते आवडत नाही.)

आकांक्षा कॉम्प्युटर शिकून आली आणि तिने आमच्या पुढच्या खोलीत मोठमोठ्या मशीन मांडल्या. दूरच्या कोणाला अवघड गणित करायचं असेल आणि त्याच्याकडे दमदार मशीन नसेल, तर तो इंटरनेटवरून आमचं मशीन तासावर घेणार. मशीन इथेच राहणार, काम त्याचं होणार. याला क्लाउड म्हणतात.

"म्हणजे आमच्या कढईसारखंच झालं की," मी म्हणालो.

"बिलकुल तसंच," ती म्हणाली. "फक्त कढई इथून हलत न्हाई."

पुण्याच्या एका कंपनीने तिला नोकरीला बोलावलं होतं आणि दिवाळीआधी कळवायचं होतं. तिचं म्हणणं सरळ होतं. या मशीननी तोवर स्वतःचं लाइटबिल काढलं तर ती जालन्यात राहणार, नाहीतर पुण्याला जाणार. साधनाने मशीनच्या मागच्या बाजूला, जिथे गरम हवा येते, तिथे दह्याचं विरजण लावायला सुरुवात केली. ते फार सुंदर लागायचं. मी समजलो की तिलाही पोरगी जवळ हवी आहे.

मग मी मन लावून रेट काढले. छोट्या मशीनला पातेल्याचा हिशोब, मधल्याला कढईचा आणि सगळ्यात मोठ्याला पंगतीच्या कढईचा. घेऊन ठेवलं आणि वापरलं नाही तरी भाडं चालू. लग्नतिथीला दर दुप्पट. (नेदरलँडच्या एका माणसाने विचारलं होतं की मंगळवारी भाव का चढला. मी पंचांग बघून घ्यायला सांगितलं.) आणि सगळ्यात खाली, दुकानात लिहितो तसंच, सवयीने लिहिलं: दुःखाच्या घरी भाडं नाही.

हा शेठजींचा जुना नियम आहे. ज्या घरी कोणी गेलं, तिथे सतरंज्या जातात, त्याचे पैसे आम्ही घेत नाही. मी नवीन असताना एकदा पावती फाडायला निघालो होतो, तेव्हा शेठजींनी माझा हात धरला होता. म्हणाले होते, "कल्याणराव, रडणाऱ्या माणसासमोर पावतीपुस्तक काढायचं न्हाई."

आकांक्षाने ती ओळ वाचली आणि थोडी थांबली. पण तिच्या हातात वायरी होत्या. "राहू द्या," म्हणाली, "कोण येऊन राह्यलंय तिथं." तिने एक रकाना मात्र केला. ज्याला माफी हवी त्याने त्यात आपलं दुःख लिहायचं. कोणत्याही भाषेत लिहिलं तरी मला ते मराठीत दिसणार, आणि मंजूर करायचं काम माझं.

पहिलं दुःख इंदूरच्या एका मुलाचं आलं. आजोबा वारले, कॉलेजचं काम अर्धवट राहिलं. मी मंजूर केलं आणि खाली लिहिलं, "धीर धरा." आमच्याकडे सतरंजीबरोबर एवढं बोलण्याची पद्धत आहे.

हे त्या मुलाने कोणाला तरी सांगितलं असावं. त्या कोणाला तरी बरेच मित्र असावेत.

त्यानंतरच्या दुपारी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात गोड दुपारी होत्या. दुकान जेवणाला बंद झालं की मी घरी येऊन मशीनजवळ बसायचो. त्यांचा आवाज एकसुरी, लांबवर मोट चालावी तसा. खोलीत दह्याचा आणि गरम लोखंडाचा वास मिसळलेला. आणि समोर दुःखं येत राहायची. कोणाची नोकरी गेली होती. कोणाचा पेपर अवघड गेला होता. परभणीहून एकाने लिहिलं होतं की पाऊस लांबला. एकाचा पोपट उडून गेला होता. एकाने नुसतंच लिहिलं होतं, "सोमवार." मी प्रत्येकाला धीर धरायला सांगत होतो. वाचता वाचता डोळे मिटायचे आणि वाटायचं की मी खांद्यावर सतरंजी घेऊन निघालो आहे. मोती तलावाच्या पाण्यावरून, तिथून वर, एका पांढऱ्या रस्त्याने. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं, आणि दारात उभी असलेली माणसं म्हणायची, आलात का कल्याणराव, आतच अंथरा. एका दारात रिकामा पिंजरा टांगलेला होता. तेच ते पोपटवाल्याचं घर. तिथे मी सतरंजी अंथरली आणि तिची सुरकुती हाताने सरळ केली.

(जाग आली तेव्हा माझं कोपर दह्यात होतं.)

आकांक्षा खूश होती. तिच्या बाजूला ग्राहक कुठल्या दराने आला हे दिसायचं नाही, ते महिन्याच्या शेवटी निघायचं. "बाबा, सगळ्या मशीन भरल्या. वेटिंग लागलंय," ती म्हणाली. साधनाने शिरा केला. शिरा खाताना आम्ही तिघंही पुण्याचं नाव काढत नव्हतो.

मग महिना संपला.

सगळे ग्राहक दुःखी निघाले. भाडं देणारा सुखी माणूस एकच होता. ते अमृतलाल शेठ. पोरीला आशीर्वाद म्हणून त्यांनी छोटं मशीन घेतलं होतं आणि ते दुकानात कधी पोचतं याची वाट बघत बसले होते.

आकांक्षा रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने लाइटबिलाची घडी घातली आणि विचारलं, "बाबा, सोमवार हे दुःख हाये का?"

मी म्हणालो, "त्याला असेल ना."

ती उठली आणि माळ्यावरची बॅग खाली घेतली. फडक्याने पुसून दाराशी ठेवली. भरली नाही, नुसती ठेवली. त्या बॅगेकडे बघत मला जेवण गेलं नाही. रोजनिशीतही त्या दिवशी मिठाचं काही लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी परत मशीनजवळ बसलो होतो. दुःखं येतच होती आणि मला एकही नामंजूर करवत नव्हतं. साधना विरजणाची भांडी न्यायला आली. माझ्या मागे उभी राहून तिने थोडं वाचलं.

"शेठजी सतरंजी फुकट देतात," ती म्हणाली, "पण घरपोच देतात का?"

"न्हाई. न्यायला घरचं माणूस यावं लागतं."

"मंग तुमच्याकडं कोण येऊन राह्यलंय?"

खरं होतं. दुकानात दुःख सांगायला माणूस यायचा, उन्हातून चालत, टोपी हातात घेऊन. तो आला की त्याला काही विचारावं लागत नसे. खोटं बोलायला इतक्या उन्हात कोणी येत नाही.

"आता ते मुंबई-दिल्लीहून कसे येतील?" मी म्हणालो.

"त्यांना न्हाई येता येत तर आपण जाऊ," ती म्हणाली. "फोन कशाला हाये?"

साधना घनसावंगीकडची. तिच्या माहेरी दुखवट्याला जायचं एक घर कधी चुकत नसे, आणि तिचाही हात त्यात बसलेला. आकांक्षाने ग्राहकांना रकान्यात फोन नंबरही टाकायला सांगितलं आणि साधना दह्याच्या भांड्याशेजारी बसून एकेकाला भेटायला जाऊ लागली. मराठीला मराठी, बाकीच्यांना आपली जालन्याची हिंदी. ती माफीचं काही बोलायचीच नाही. कोण गेलं, कसं झालं, घरी आता कोण आहे, तुम्ही जेवलात का, एवढंच विचारायची. ज्याचं खरं होतं तो बोलत राहायचा. साधनाला उठता यायचं नाही, दूध उतू जायचं. ज्याचं खोटं होतं तो "जेवलात का" इथपर्यंत यायचा आणि लाजून पूर्ण भाडं भरायचा. परदेशातले लोक तर जालन्याहून फोन आला हे बघूनच पैसे भरून मोकळे व्हायचे.

सोमवारवाल्याने तिच्याशी बोलून झाल्यावर पुढच्या दोन महिन्यांचं भाडं भरलं. ती त्याला काय म्हणाली ते मला सांगत नाही.

पोपटवाल्याचं मात्र तिने माफ केलं. मी विचारलं, तर म्हणाली, "त्याचा खरंच गेलाय. आवाजावरून कळतं."

दिवाळीच्या आधी लाइटबिल निघालं. फार काही उरलं नाही, पण निघालं. आकांक्षाने पुण्याला कळवून टाकलं. बॅग परत माळ्यावर गेली. जाताना साधनाने तीत थंडीच्या रजया भरल्या, म्हणजे ती पटकन उतरवता येऊ नये.

सगळं बरोबर झालं होतं. फक्त माझ्या दुपारी रिकाम्या झाल्या. मंजुरीचं काम साधनाकडे गेलं होतं, मशीनजवळची खुर्चीही तिचीच झाली होती. मोती तलावावरचा तो पांढरा रस्ता मला परत दिसला नाही. शेवटी मनात आलं, आपली रोजनिशी या मशीनवर ठेवावी. एवढ्या वर्षांचं मीठ कुठेतरी सुरक्षित राहील. पण भाडं भरणं जिवावर आलं. म्हणून मी रकाना उघडला आणि दुःख लिहिलं: "घरात किंमत राहिली नाही." खाली माझा नंबर टाकला.

थोड्या वेळाने माझा फोन वाजला. मी पुढच्या खोलीत पलंगावर होतो, साधना स्वयंपाकघरात.

"नमस्कार," ती म्हणाली. "मी दुःखाच्या रकान्यातून बोलून राह्यले. कोण गेलं?"

"कोणी न्हाई गेलं."

"बरं. जेवलात का?"

"जेवलो. आत्ताच. तूच वाढलं ना."

"घरी कोण कोण हाये?"

"बायको आहे. मुलगी आहे."

पलीकडे फोडणीचा आवाज आला.

"मुलगी राह्यली ना घरी?" तिने विचारलं.

"राह्यली."

"मंग तुमचं दुःख बसत न्हाई. पण बायकोला विचारून सांगते. थांबा."

फोन बंद झाला. मला वाटलं, नामंजूर. मी भाड्याचे पैसे काढायला उठलो, तर मशीनवर मंजुरी आलेली होती. पूर्ण माफ, तेही कायमचं.

दुःखी ग्राहक म्हणून नाव साधनाचं आहे. आणि दुःखाच्या रकान्यात माझं पूर्ण नाव लिहिलं आहे.