पेनल्टीचा मान

गोदातीर फुटबॉल क्लब या व्यावसायिक संघाच्या अध्यक्षपदी गोटीराम थेटे यांची एकमताने निवड झाली, तेव्हा त्यांनी आयुष्यात फुटबॉलचा एकही सामना पाहिलेला नव्हता. ही बाब त्यांची पात्रता म्हणून इतिवृत्तात नोंदवण्यात आली. खेळ समजणारा माणूस पक्षपात करतो, असे सभेचे मत पडले.

गोटीराम आबांना अनुभव होता तो सप्ताहाचा. अकरा वर्षे त्यांनी गंगापूर रोडच्या अंगाला हरिनाम सप्ताह असा काही चालवला, की कीर्तनकार बुवा बोलावण्याआधी होकार देत. त्याचे गमक एकच. सप्ताहात प्रत्येक गोष्टीला एक मान असतो आणि प्रत्येक मानाला एक माणूस. वीणा कुणाच्या गळ्यात, आरतीचे ताट कुणाच्या हातात, बुवांना हार कुणी घालायचा, काल्याची हंडी कुणी फोडायची, सगळे आबांच्या डोक्यात पक्के असायचे. अकरा वर्षांत एक माणूस रुसला नाही. आणि ताट कुणी धरले याबद्दल देवाने कधी तक्रार केली नाही.

फुटबॉलमध्ये मात्र पंच असतो.

क्लबच्या घटनेत एक वाईट कलम होते. संघ खालच्या गटात घसरला, तर अध्यक्ष आपोआप पायउतार. आबांनी ते कलम चष्मा लावून दोनदा वाचले आणि प्रशिक्षक मनोज सरांना बोलावले. सर ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, तिथल्या संघाचे जुने गोलकीपर.

"सर, घसरायचं नाय. काय लागेल ते सांगा."

"काही नको आबा. मुलांना फक्त खेळू द्या."

"ते तर खेळतीलच. पण माणसं जोडून ठेवायला लागतील ना."

पहिल्या सामन्याला माजी संचालक कोंडाजी नानांनी नारळ फोडला आणि सुरुवातीची किक मारली. टाळ्या पडल्या. इथवर ठीक होते. पण येवल्याचे पैठणीवाले शेखरशेठ पहिल्या रांगेत तोंड पाडून बसले होते. आबांनी ते लांबून ओळखले. रुसवा ओळखण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. दुसऱ्या सामन्यात पहिल्या कॉर्नर किकचा मान शेठना देण्यात आला. पांढऱ्या झब्ब्यात त्यांनी ती मारली; चेंडू प्रेक्षकांत गेला, फोटो मात्र चांगला आला.

लीगकडून पत्र आले: चेंडूला फक्त नोंदणीकृत खेळाडूच पाय लावू शकतो. मनोज सरांनी सुटकेचा निःश्वास सोडला. आबांनी पत्र उलटसुलट पाहिले.

"म्हणजे शेठची नोंदणी करायची. सोपं हाय."

"आबा, यादी पंचवीसचीच असते. एक घ्यायचा तर एक काढावा लागेल."

"मग काढा की. त्याला स्वागत समितीत घेऊ."

त्यानंतर काम शिस्तीत चालले. थ्रो-इनचा मान गणेश मंडळांना, फ्री किकचा पतसंस्थेच्या संचालकांना, मध्यंतरात पाणी पिण्याचा मान ज्येष्ठ नागरिक संघाला. एका निवृत्त तहसीलदारांना चुकून पिवळे कार्ड दाखवले गेले. ते त्यांनी पंचांकडे मागितले, छातीशी धरले आणि छायाचित्रकाराला हाक मारली. पुढच्या सामन्याआधी त्या कार्डासाठी तिघांची शिफारसपत्रे आली होती. गोलकीपरचा मान मात्र कुणी मागितला नाही, कारण तिथे चेंडू अंगावर येतो. तेवढ्या एका जागी शेवटपर्यंत खरा खेळाडू राहिला.

हंगामाचा शेवटचा सामना मालेगावच्या संघाशी. बरोबरी झाली तरी क्लब वाचणार होता, आबाही वाचणार होते. मैदानावर पाच खेळाडू आणि सहा मान्यवर. गोलकीपरने जिवाचे रान केले म्हणून मालेगावकरांचा एकच गोल झाला. आणि शेवटच्या मिनिटाला चमत्कार घडला. पेठकडचा गोरक्ष, संघाचा एकुलता उरलेला स्ट्रायकर, चेंडू घेऊन सुसाट आत घुसला, त्याला आडवे पाडले गेले आणि पंचांनी पेनल्टी दिली.

तो उठायच्या आत चेंडूपाशी शेखरशेठ आणि कोंडाजी नाना पोचले होते.

"नाना, सुरुवातीची किक तुमची झालीय," शेठ म्हणाले.

"तुमचा कॉर्नर झालाय की."

"कॉर्नर वाया गेला, तो धरायचा नसतो."

सप्ताहात अशा वेळी आबा दोघांच्याही हातात ताट देत. त्यांनी तसे पंचांना सुचवले. पंच म्हणाले, एकच पाय. तेव्हा आबांनी इतक्या वर्षांत कधी केले नव्हते ते केले. त्यांनी दोघांपुढे हात जोडले आणि नाही म्हटले. "शेठ, नाना, पाया पडतो. हा एक मान त्या पोराला द्या."

दोघे बाजूला झाले. गोरक्ष मात्र जागचा हलला नाही.

"मार ना बाबा," आबा म्हणाले.

"मारतो आबा. पण दोन वरीस गोल मारतोय मी, माझं नाव एकदा तरी माइकवरून घेतलं का? आधी नाव पुकारा. शाल नसली तरी चालंल."

मागणी रास्त होती. आबांनी स्वतः माइक हातात घेतला. पण इतके मान्यवर हजर असताना थेट खेळाडूचे नाव घेणे त्यांच्या जिभेला जमेना. त्यांनी व्यासपीठापासून सुरुवात केली. आजी, माजी, भावी, असे सगळे आले. बाराव्या नावाला पंचांनी वेळकाढूपणाबद्दल गोरक्षला पिवळे कार्ड दाखवले. सत्ताविसाव्या नावाला दुसरे, आणि त्याबरोबर लाल. यादीत गोरक्ष एकेचाळिसावा होता.

तो मैदानाबाहेर निघाला, तेव्हा चेंडू तिथेच ठिपक्यावर होता.

"नाना, तुम्ही ज्येष्ठ. तुम्हीच मारा," शेठ म्हणाले.

"छे, तुम्ही एवढ्या लांबून आलात."

हुकली तर क्लब बुडणार, हे एव्हाना दोघांच्या लक्षात आले होते. मान तहसीलदारांकडे गेला, तिथून पतसंस्थेकडे, तिथून गणेश मंडळाकडे. राहिलेले खरे खेळाडू तोवर प्रथेप्रमाणे मान्यवरांच्या मागे हात बांधून उभे होते. पंचांनी घड्याळ पाहिले, वाट पाहिली, शेवटी शिट्टी वाजवली.

क्लब घसरला. आबा पायउतार झाले. आठवड्याने सर्वसाधारण सभा भरली, तिने ते कलम रद्द केले आणि आबांना पुन्हा एकमताने निवडले. एवढी नावे क्रमाने पाठ असलेला दुसरा माणूस नाशकात नव्हता.

सभेनंतर मनोज सरांनी त्यांना जिन्यात गाठले. "आबा, सुरुवातीलाच एकाला नाही म्हणाला असता तर?"

आबा पायरीवर टेकले. त्यांचा आवाज अगदी मऊ होता. "सर, गेल्या दसऱ्याला आभार मानताना मी तुमचं नाव इसरलो. चार दिवस तुम्ही माझा फोन उचलला नाय. सांगा, सुरुवात कुणापासून करायची व्हती?"

आबांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघे चहाला गेले.

वाचकहो, तुम्हाला हसू आले असेल. हसा, त्यात पाप नाही. फक्त तुमच्या सोसायटीच्या गणपतीत आभारप्रदर्शनातून तुमचे नाव राहून गेले होते, ते आठवा. त्या दिवशी माइक कुणाच्या हातात होता, हे आठवायला तुम्हाला आत्ता एक क्षणही लागला नाही ना?