सुगंधा सायाळ आणि उकळतं पाणी

मुलांनो, नीट बसा. पाय पुढे पसरू नका. आज ज्या जंगलाची गोष्ट सांगायची आहे, त्या जंगलात गॅस आला होता.

कुठून आला? हत्तींकडून. हत्तींकडे शेण पुष्कळ आणि काम काहीच नाही. म्हणून राजा सिंहाने मोठे खड्डे खणून घेतले, त्यावर झाकणं बसवली, आणि नळ्या काढून प्रत्येक वस्तीत एकेक सामायिक भटारखाना सुरू केला. तिथे सगळ्यांसाठी रानतुरीची डाळ शिजायची. महाराजांनी स्वतः मांसाहार सोडल्याचं जाहीर केलं होतं. दुपारच्या वेळी ते झुडपामागे काय करतात, हे चांगली मुलं विचारत नाहीत.

प्रत्येक शेगडीवर पितळेची पट्टी ठोकलेली होती. पट्टीवर कोरलं होतं, ‘अतिशय उष्ण’.

डाळ मात्र शिजत नसे.

म्हणजे शेगडी पेटायची. ज्योत चांगली उंच, पिवळीधमक. पातेल्याच्या कडेने वर यायची आणि झाकणाशी खेळायची. बघणाऱ्याला बरं वाटायचं. पण डाळीचा दाणा बोटांनी चेपला की टणक. ज्यांना दात होते ते चावून खायचे आणि गप्प बसायचे.

आमच्या गोष्टीतल्या सुगंधा सायाळीला दात होते. तिच्या वडिलांना, आबांना, नव्हते. ते डाळ नुसती गिळायचे आणि रात्रभर पोट धरून कण्हायचे. पावसाळा संपेपर्यंत ते इतके वाळले की त्यांचे काटे अंगापेक्षा जड दिसायला लागले.

सुगंधा प्रधानांकडे गेली. प्रधान म्हणजे बगळा. तो नेहमी एका पायावर उभा राहून काम करायचा, त्यामुळे दुसरा पाय कुठे आहे हे कुणाला कळत नसे.

“प्रधानजी, आमच्या भटारखान्यातली शेगडी तापत नाही.”

“पट्टीवर काय लिहिलंय?”

“अतिशय उष्ण.”

“मग?”

“डाळ कच्ची राहते. आमच्या आबांना त्रास होतो.”

“आबांना दात किती?”

“एकही नाही.”

“म्हणजे दात कमी आहेत,” प्रधान म्हणाला, “उष्णता कमी नाही.”

सुगंधा परत आली. तिला उत्तर पटलं नाही, पण ते खोडायचं कसं, हेही कळेना. पट्टी म्हणते तापते, आबांचं पोट म्हणतं तापत नाही. दोघांत खरं कोण? ती बराच वेळ शेगडीसमोर बसून राहिली. मग तिने डाळीचं पातेलं उतरवलं आणि दुसरं पातेलं गळ्यापर्यंत पाण्याने भरून ठेवलं. पाणी खोटं बोलत नाही आणि त्याला दातही लागत नाहीत.

आता किती वेळ लागला हे कसं समजायचं? त्या जंगलात घड्याळ नव्हतं. कासव होतं. ते कधी घाई करत नसे आणि कधी थांबतही नसे. सुगंधाने त्याला भटारखान्याच्या दारातून वडाच्या झाडाकडे चालायला लावलं आणि खाली जाळ केला.

कासव वडापाशी पोचलं. वडाला वळसा घालून परत आलं. वाटेत चालता चालताच त्याने थोडी भाजी खाल्ली. तेव्हा कुठे पाण्याला बुडबुडे धरले.

सुगंधाने शेगडी उलटी केली. जिथून हवा आत जाते, त्या तोंडाशी कोळ्याने घर केलं होतं. जिथून गॅस येतो ते बारीक भोक काजळीने अर्धं बुजलेलं. तिने पाठीवरचा एक काटा उपटला. लागलं. काट्याने भोक साफ केलं, जाळी काढली, हवेची झडप सैल केली, पातेलं ज्योतीच्या जवळ येईल असं बसवलं.

ज्योत खाली बसली. बुटकी झाली, निळी झाली, आणि फुर्रर्र असा बारीक आवाज करू लागली. दिसायला अगदीच गरीब. पण कासव वडाच्या सावलीलाही पोचलं नव्हतं, आणि इकडे पाण्याने झाकण उडवलं.

त्या दिवशी डाळ लोण्यासारखी झाली. आबांनी वाटी तोंडाला लावली, संपवली आणि पुन्हा पुढे केली.

“मीठ कमी आहे,” ते म्हणाले.

सुगंधा तोंड फिरवून मीठ आणायला गेली. गेल्या कित्येक महिन्यांत ते पहिल्यांदाच चवीबद्दल बोलले होते.

मुलांनो, गोष्ट इथे संपली असती तर सगळ्यांचंच बरं झालं असतं. पण ही बातमी महाराजांपर्यंत गेली.

महाराज खूश झाले. “उष्णता मोजता येते?” ते म्हणाले. “मग ती आपल्याच जंगलात सगळ्यात जास्त असली पाहिजे.”

सुगंधाला ‘उष्णता निरीक्षक’ नेमण्यात आलं. तिला तांब्याचं एक मानाचं पातेलं मिळालं. मागून चालायला सरकारी कासव मिळालं. ती वस्त्यावस्त्यांतून फिरायला लागली. शेगडी उलटी करायची, काट्याने भोक साफ करायचं, झडप सोडायची, पाणी उकळून बघायचं. पाठीवरचे काटे कमी होत गेले, पण ज्या वस्तीतून ती जायची, तिथल्या म्हाताऱ्यांच्या अंगावर मांस दिसू लागायचं. तिला रात्री छान झोप लागायची.

एक दिवस प्रधानाने तिला बोलावलं.

“तुम्ही मोजता ते ठीक,” तो म्हणाला. “साफ कशाला करता?”

“साफ केल्याशिवाय तापणार कसं?”

“ते ज्याचं त्याने बघावं. निरीक्षकाने काजळीत हात घालणं शोभत नाही. आणि पाठ बघा तुमची. दरबारात असं उघडं यायचं?”

सुगंधाने पाठीला हात लावला. खरंच, अर्धी पाठ बोडकी झाली होती. तिला एकदम लाज वाटली. त्या दिवसापासून ती नुसतं मोजू लागली.

मग महाराजांनी जाहीर केलं की, ज्या भटारखान्यात पाणी सगळ्यात लवकर उकळेल, त्याला दरबारात हार घातला जाईल.

वस्त्या कामाला लागल्या. सशांनी पाणी सकाळपासून उन्हात तापवून ठेवलं. माकडांनी पातेल्याच्या तळाशी मोठा दगड बसवला, म्हणजे पाणी थोडंच मावेल. रानरेड्यांनी सरळ सरकारी कासवालाच जेवायला बसवलं. जेवण झाल्यावर कासवाला नीट चालवेना, आणि रानरेड्यांचं पाणी त्याच्या पहिल्या पावलाला उकळलं. हार त्यांना मिळाला.

हार मिळवायचा तर सराव हवा. सकाळी सराव, दुपारी सराव. हत्तींच्या खड्ड्यांतला गॅस पाणी उकळण्यातच संपू लागला. डाळ चढवायची वेळ झाली की शेगडी दोनदा फुसफुसायची आणि विझायची. लोक गरम पाणी पिऊन घरी जायचे. आरोग्याला चांगलं असतं, असं एकमेकांना सांगायचे.

सुगंधाला हे दिसत नव्हतं असं नाही. ती प्रधानाकडे गेली.

“प्रधानजी, जंगलात डाळ शिजत नाही.”

“डाळ तुमच्या खात्यात येते का?”

सुगंधाने विचार केला. डाळ तिच्या खात्यात येत नव्हती. हे कळल्यावर तिला वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर, थोडं हलकंही वाटलं.

घरी आबा पुन्हा वाळत चालले होते. ती रोज त्यांच्यासाठी गरम पाणी आणायची.

“चांगलं उकळलेलं आहे, आबा.”

“हो, कळतं,” आबा म्हणायचे. “जीभ पोळते.”

काही दिवसांनी मात्र आबांच्या अंगावर तेज दिसू लागलं. सुगंधाला वाटलं, पाण्याचा गुण. दुपारी आबा घरी नसायचे. तिला वाटलं, फिरायला जात असतील.

त्याच सुमारास दरबारात तक्रार आली. नाल्याच्या वळणावर तानाबाई नावाच्या रानडुकरिणीने तीन दगड मांडले होते आणि काटक्या जाळून ती डाळ आणि कंद शिजवत होती. भटारखान्यातून उपाशी निघालेले म्हातारे तिथे बसू लागले होते.

“त्या चुलीची उष्णता मोजली आहे का?” प्रधानाने विचारलं.

“नाही,” सुगंधा म्हणाली.

“मोजली नाही म्हणजे शून्य. शून्यावर शिजलेलं ते कच्चं. महाराजांची प्रजा कच्चं खाते, हे बाहेर कळलं तर काय म्हणतील? जा, विझवून या.”

सुगंधा मानाचं पातेलं पाण्याने भरून नाल्याकडे निघाली. कासव मागून येत होतं. वळणावर पोचताच तिला डाळीचा वास आला. निरीक्षक झाल्यापासून तिने स्वतः तरी काय खाल्लं होतं? वस्तीवस्तीतलं गरम पाणी.

म्हाताऱ्यांच्या ओळीत आबा बसले होते. समोर पळसाच्या पानावर डाळ.

“तू कशी आलीस?” आबांनी विचारलं.

“सरकारी कामाने आले.”

आबांनी पातेल्याकडे बघितलं, मग चुलीकडे बघितलं. त्यांना समजलं. ते थोडे घाईने जेवू लागले.

तानाबाईलाही समजलं असावं. तिने एक पान मांडलं.

“बस,” ती म्हणाली. “सरकारी काम कुठे पळून जात नाही. आधी जेव.”

सुगंधा बसली. एकदा वाढून घेतलं. पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा तानाबाईने न विचारताच वाढलं. पान चाटून झाल्यावर सुगंधा उठली, तिने हात धुतले, मानाचं पातेलं उचललं आणि सगळं पाणी चुलीत ओतलं.

चर्र झालं. वाफेचा एवढा मोठा लोट उठला की क्षणभर कुणाला कुणी दिसेना. सुगंधाच्या मनात आलं, उष्णता चांगली होती. पण कासव अजून पोचलं नव्हतं, त्यामुळे किती होती ते सांगता आलं नाही.

“उद्या मग कुठे यायचं?” आबांनी विचारलं.

“उद्या घरीच थांबा, आबा. मी पाणी आणते.”

तानाबाई भांडी घेऊन नाल्यावर गेली. सुगंधा दरबारात कळवायला गेली. तीन दगड ओले झाले होते, पण आतून अजून कोमट होते. आबा त्यांना पाठ टेकून बसले, आणि दगड गार होईपर्यंत उठले नाहीत.

तात्पर्य : कर्तव्य नेहमी भरल्या पोटी करावं. उपाशीपोटी विचार ताळ्यावर राहत नाहीत, आणि हातून चूल पेटती राहून जाण्याची भीती असते.