बेल्टचे दात

बिरदेवच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. जनावराचे दात बघून वय सांगावं तर बिरदेवनंच, असं आटपाडीचा सगळा बाजार म्हणायचा. त्यामुळं आसिफ मिस्त्रीनं त्याच्या जुन्या डिझेल गाडीचा टायमिंग बेल्ट बदलायला सांगितला, तेव्हा बिरदेवनं आधी झाकण काढायला लावलं आणि बेल्टच्या दातांवरून बोट फिरवलं. एकही पडलेला नव्हता, एकही झिजलेला नव्हता.

"तरणाताठा हाय," त्यानं निकाल दिला. "आजून चार वर्सं मरत न्हाई."

रबर आतून वाळतं, बेल्ट तुटला तर इंजिनचाच जीव जातो, हे आसिफनं परोपरीनं सांगितलं. पण ज्याच्या गळ्यात जन्मात कुणाला म्हातारी मेंढी मारता आली नाही, तो रबराचं काय ऐकणार!

शिवाय घाई होती. लेक समीक्षा पहिलटकरीण, सासरी मलकापुरात. तिला बाळंतपणाला आणायचं होतं. विहीण चंद्राबाई आपली गाडी पाठवणार होत्या, पण बिरदेवनं छाती काढून सांगितलं, की लेकीला न्यायला बापाची गाडी समर्थ आहे.

जाताना गाडी वाऱ्यासारखी गेली. येताना कडेगाव ओलांडलं, पुढून फट्‌ आवाज झाला आणि गाडी जागेवर गप्प! बिरदेवनं आसिफला फोन लावला.

"बेल्ट तुटला, मामा. इंजिनातलं व्हॉल्व पिस्टनवर आपटून वाकलं असणार. हेड खोलायला लागतंय. आता चावीला हात लावू नगा."

बिरदेव रस्त्याकडेला खाली बसला. अवघडलेली पोर भर उन्हात बाभळीखाली, आणि मदतीला बोलवायचं कुणाला, तर चंद्राबाईंना! त्याची जीभ रेटेना. शेवटी समीक्षानंच सासूला फोन केला आणि बापाशेजारी येऊन टेकली.

"आप्पा, मी काय गाडीची वाट बघत हुते व्हय? तुमची बघत हुते."

बिरदेवच्या डोळ्यांत पाणी आलं. ते उन्हानं आलं, असं तो अजून सांगतो.

तासाभरात चंद्राबाई स्वतः गाडी चालवत आल्या. चेष्टेचा एक शब्द न काढता त्यांनी बापलेकीला थेट आटपाडीला पोचवलं. दारात बायको हरणाबाई भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिनं तो लेकीवरून ओवाळून टाकला, विहिणीला हात धरून आत नेलं आणि मग बाहेर येऊन अंगणभर नजर फिरवली.

"आन्‌ आपली गाडी वो?"

"टोचन लावून आसिफकडं गेली," बिरदेव पायाकडं बघत म्हणाला. "सव्वा महिना लागंल म्हणतोय. तिचंबी बाळंतपणच धर."