हिरव्या वाइसाची आणि शेंदरी अंगठ्याची बखर

श्रीविश्वकर्मा प्रसन्न. मळसूत्रास वंदन, तेलाच्या बुधलीस नमस्कार, आणि लोखंडावरील तांबेऱ्यास दुरूनच रामराम. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सरे, श्रावण वद्य चतुर्थी, ते दिवशी राज्यात जो अनर्थ जाहला त्याची हकिकत पुसिली, त्यास जैसे घडले तैसे लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही आणि कोणाची भीड धरोन झाकलेही नाही.

राज्य म्हणजे घरामागील पत्र्याची शेड. पूर्वेस मोरी, पश्चिमेस शेजाऱ्यांचा शेवगा, उत्तरेस धुण्याची दोरी, आणि दक्षिणेस मालतीबाईसाहेबांचे स्वयंपाकघर. तेथे राज्याचा अंमल नाही, उलट तेथूनच कधीमधी स्वारी येते. राज्याचे धनी राजश्री नरहरराव, कारखान्याच्या चाकरीतून मोकळे जाहलेले, वय सदुसष्ट, गुडघे अधू, चष्मा जाड. यांचे पदरी बत्तीस वाइस. वाइस म्हणजे कारागिराच्या बाकास जखडलेला लोखंडी जबडा, जो दांडा फिरविता मिटतो आणि धरिले ते सोडीत नाही. कोणी बंद पडल्या गिरणीतून आणिला, कोणी रेल्वेच्या भंगारातून, आणि एक तर विहिरीच्या गाळातून निघाला, त्यास बोलते करण्यास आठ महिने लागले. नवा वाइस दरबारी आला म्हणजे प्रथम त्याचे कूळ पाहावे: अंगावर ओतीव अक्षरे आहेत काय, मळसूत्राचे आटे कैसे कापिले आहेत, नावाची पाटी गळाली असल्यास तिची भोके कोठे आहेत. मग त्यास उताणा करोन तळ पाहावा, कारण तोंडावर सगळेच गोड असतात, खरे ते तळाशी. मग व्हिनेगराच्या पिंपात त्यास स्नान घालावे (हे पिंप पूर्वी बाईसाहेबांच्या लोणच्याचे होते, तो तंटा अद्याप मिटला नाही), आणि मग तारेच्या ब्रशाने अंग चोळोन, तेल पाजोन, रंग देवोन फळीवर मानाने बसवावे. गंजोन बसलेल्या बोल्टास हातोडा दाखवू नये, तेल घालावे आणि वाट पाहावी, ऐसा राज्याचा कायदा होता, आणि "तेल आणि धीर" ही अक्षरे नरहररावांनी खडूने भिंतीवर खासा हाताने लिहिली होती. येणाऱ्याजाणाऱ्यास ती वाचोन दाखवीत.

हे सर्व सोपस्कार ज्या बाकावर होत त्या बाकास एक हिरवा वाइस होता. तीस वर्षांमागे एक वर्कशॉप मोडले, तेव्हा बाक आणि हिरवा जोडीनेच घरी आले, जखडलेले तैसेच. त्यास नाव नाही, सन नाही, अंगावर रंगाचे चारपाच थर, म्हणोन धन्यांनी नाव ठेविले बिनकुळ्या. बत्तीस सरदारांची मळसूत्रे आणि दांडे याच्याच दाढेत धरोन साफ जाहले, पण याला स्वतःस कधी स्नान नाही. चाकरास कसले अभ्यंग, ऐसा विचार. त्याच्या कुशीस रंगाने बुजलेले एक भोक होते, त्यात नरहररावांनी खुंटी ठोकिली आणि तीवर आपला चष्मा टांगीत आले.

आता हा एवढा लोखंडी कारभार कशासाठी, ते लिहितो. नरहररावांचे वडील शिवरामबाबा सुतार हे एका बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, ओतशाळेत पॅटर्न करीत. पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना, जो वाळूत दाबोन साचा करितात आणि साच्यात बीड ओतितात, म्हणोन लाकडावर जे असेल ते प्रत्येक ओतिवावर उतरते. बाबांनी वाइसाचा पॅटर्न केला आणि तळाचे खिळ्याचे एक भोक मेणाने बुजविले, आणि मेण ऊन असता त्यांची चार वर्षांची लेक, गोदाक्का, हिने त्यात अंगठा दाबोन खळगा पाडिला. बाबांनी खोडीबद्दल दटाविले, पण खळगा तैसाच राहिला, आणि चाळीस वाइस त्या अंगठ्यासह ओतले गेले. पुढे ओतशाळा मोडली आणि पॅटर्न कोणाच्या बंबाखाली जळोन गेला. आईसाहेब नरहररावांच्या बाळंतपणातच वारल्या होत्या, बाबा त्यांच्या नवव्या वर्षी गेले, आणि मग आक्कांनीच धाकट्यास वाढविले: शाळेत पोचविले, तापात उशाशी बसल्या, आणि रडू लागला म्हणजे ही अंगठ्याची गोष्ट सांगितली. तेव्हाच धाकट्याने शब्द दिला जे, आक्का, तुझा अंगठा मी शोधोन आणीन. त्या शब्दापायी सारी मोहीम उभी राहिली. ओतशाळेचे नाव ज्यावर आहे ऐसा वाइस दिसेल तेथे ते जात आणि उताणा करीत. बत्तीसांत तैसे चार होते, पण अंगठा एकासही नव्हता. अलीकडे आक्कांचे डोळे विझत चालले. डॉक्टर बोलिले जे आता औषध नाही. मग नरहररावांस घाई जाहली.

ऐसे असता श्रावणात जुन्या बाजाराचे सुभेदार दस्तगीरभाई हातगाडीवर एक विलायती वाइस घेवोन आले. अंगावर नाव, सन, नंबर, सर्व ठसठशीत, ऐसा की त्यास पाहतांच नरहररावांचे गुडघे दुखावयाचे राहिले. दस्तगीरभाई बोलिले जे बदली द्या, एका ग्रिलवाल्यास वाइस हवा आहे. धन्यांनी फळीवरचे दोन दाखविले, ते त्यांस पसंत पडले नाहीत. "काका, मला दिसाय नको, चालाय पायजे. ह्यो हिरवा द्या की."

हे ऐकोन मालतीबाईसाहेब खिडकीतून बोलिल्या, "अहो, तेवढा नका देऊ. वन्सं सुपारी कशावर फोडणार?" कारण दर भाऊबीजेस आक्का येत, तेव्हा त्यांची सुपारी हिरव्याच्या दाढेत धरोन फोडण्याची चाल होती. मनगटात जोर नाही म्हणोन अडकित्ता चालत नसे, आणि दांडा मात्र त्या स्वतः फिरवीत. नरहरराव हसोन बोलिले जे आक्कास नवा अडकित्ता आणितो, आणि बिनकुळ्या तो बिनकुळ्या. मग पाना लाविला तंव चारही बोल्ट गंजोन बसलेले. भिंतीवर कायदा लिहिलेला होता. तेल घालोन चार दिवस थांबते तर बोल्ट सुटते, हिरवा उचलिला जाता, आणि रिवाजाप्रमाणे उताणाही होता. पण विलायती गाडीवर उभा, दस्तगीरभाईंस दुसरीकडे जाणे, आणि धन्यांची दृष्टी त्या ठसठशीत अक्षरांवरोन हालेना. मग करवत आणिली, आणि हिरव्याखालची सागाची फळी वीतभर इकडोन, वीतभर तिकडोन कापोन, फळीसकट हिरवा गाडीवर ठेविला. चष्मा तेवढा खुंटीवरोन काढोन घेतला. ज्याने बत्तीसांचे तळ पाहिले त्याने तेहतिसाव्याचा पाहिला नाही, आणि हा अनर्थ भरदुपारी, सर्वांच्या देखत, आनंदात जाहला.

पुढे आश्विनात दस्तगीरभाई पुनः आले, आणि काखेत तो फळीचा तुकडा. बोलिले जे, ग्रिलवाल्याच्या माणसांनी दांड्यात नळी घालोन जोर लाविला, तंव जबडा तुटला, मग बोल्ट कापोन फळी वेगळी केली, आणि तुटके बीड दुसऱ्या मालासंगे भट्टीस गेले. "फळी सागाची हाय, जळणात घालवंना. तुमची तुमच्यापाशी ऱ्हाऊं द्या." नरहररावांनी आभार मानिले, फळी बाकावर ठेविली आणि चष्मा लाविला. जुन्या कारागिराने वाइस डगमगू नये म्हणोन शेंदूर आणि जवसाचे तेल कालवोन त्याचा थर फळीवर दिला होता, आणि त्यावर हिरवा दाबोन बसविला होता. तो थर दगडासारखा वाळला होता, आणि त्यावर हिरव्याच्या तळाचा ठसा स्वच्छ उमटला होता. आणि एका बोल्टाच्या भोकाजवळ, जेथे तळास खळगा असणार, तेथे शेंदराचा एक उंचवटा वर आला होता. लहान, गोल, एका अंगास किंचित चपटा. चार वर्षांच्या पोरीचा अंगठा.

नरहररावांनी चष्मा पुसावयास काढिला. मग कुशीचे भोक आठवले. एका भोकास जोडीदार असणारच, दुसरे रंगाखाली बुजलेले असणार, म्हणजे तेथली ओतशाळेची पाटी गळालेली. जगास सांगत आलो जे भोक दिसले की पाटीचा विचार करावा, आणि आपण त्याच भोकात खुंटी ठोकोन तीस वर्षे डोळे टांगीत आलो. मग तैसेच, पायांत भलतीच चप्पल घालोन, दस्तगीरभाईंस संगे घेवोन ते भट्टीवर गेले. तेथील मुकादम भला माणूस. तो बोलिला जे, तो माल ओतोन सहा दिवस जाहले, गटाराची झाकणे केली, आणि अंगणात थप्पी लाविली होती ती दाखविली. नरहररावांनी एकदोन झाकणांवर हात फिरविला, आणि मग हात धोतरास पुसोन घरी आले.

त्यानंतर एक कुबुद्धी सुचली, तीही लिहिणे प्राप्त आहे. ओतशाळेच्या नावाचे चार वाइस होतेच. आक्कांस दिसत नाही. एकाच्या तळास ग्राइंडरने अंगठ्याएवढा खळगा कोरावा, आणि म्हणावे, सापडला. ग्राइंडर हाती घेतलाही. मालतीबाईसाहेब चहा घेवोन आल्या, त्यांनी उताणा वाइस पाहिला आणि खडूने केलेली खूण पाहिली, आणि कप खाली ठेवोन हळूच बोलिल्या, "वन्संच्या डोळ्यांना दिसत नाही. अंगठ्याला दिसतं." मग नरहररावांनी ग्राइंडरची पिन काढोन ठेविली आणि चहा निवाला तो तैसाच प्याले.

भाऊबीजेस आक्कासाहेब आल्या. ओवाळणे जाहले, आणि रिवाजाप्रमाणे भावाच्या खांद्यास धरोन शेडमध्ये गेल्या, चाचपडत नेहमीच्या स्टुलावर बसल्या आणि कनवटीची सुपारी काढोन बाकाकडे हात केला. हात रिकाम्या खाचेत गेला. "नरू, आपला हिरवा कुठाय रे?" नरहररावांनी नवा अडकित्ता खिशात आणिला होता, तो खिशातच राहिला. मग त्यांनी सर्व सांगितले, विलायतीपासोन झाकणांपावेतो, आणि फळी आक्कांच्या मांडीवर ठेविली आणि त्यांचा अंगठा धरोन शेंदराच्या उंचवट्यावर नेवोन ठेविला. सत्तरीचा अंगठा, त्याखाली तो चिमुकला पुरता झाकोन गेला. आक्कांनी अंगठा बाजूस केला, आणि करंगळीने त्याच्या कडेकडेने फिरोन पाहिले, जैसे निजल्या लेकराच्या गालावरोन फिरवावे तैसे.

मग बोलिल्या, "मी नव्हता दाबला, नरू. बाबांनीच माझा हात धरला होता."

आणि जे सहासष्ट वर्षे कोणास सांगितले नव्हते ते सांगितले. ओतशाळेच्या मालकांचा सक्त हुकूम होता जे मालावर नाव कारखान्याचे. कारागिराने आपली खूण केल्यास त्याच दिवशी घरी बसावे. बाबांनी तीस वर्षांत शेकडो पॅटर्न केले, नाव कशावर नाही. त्या दिवशी डबा घेवोन लेक आली होती, आसपास कोणी नव्हते. "मेण ऊन होतं. आधी त्यांनी फुंकर घातली, स्वतःचा अंगठा टेकवून पाहिला, चटका बसत नाही ना ते बघितलं, आणि मग माझा दाबला. म्हणाले, कुणी विचारलं तर सांग, मी खोडी केली. तेव्हापासून मी खोडीच सांगत आले. नंतर कुणाला भ्यायचं उरलं नव्हतं, पण जीभ तीच वळायची." आणि थांबोन बोलिल्या, "खोडी नव्हती रे ती. त्यांचं नाव होतं."

नरहरराव बाकास टेकोन खाली बसले आणि म्हणाले, आक्का, मी नाव नाही म्हणोन घालविले. यावर आक्कांनी समजूत घातली नाही, कारण घालविले हे खरेच होते. भावाचे डोके मात्र चाचपडोन मांडीशी ओढिले, फळीच्या शेजारी. मग बोलिल्या, "तीस वर्षं तू त्याच्यावर काम करत होतास आणि मी सुपारी फोडत होते. बाबा आपल्या दोघांच्या हाताखाली होते आणि आपण अख्खं गाव हुडकत होतो. कर्म." आणि मग नाक पुसोन, "आता ही सुपारी कशावर फोडू, ते सांग." विलायती जमिनीवर पडलेला, त्यास बाकावर बसविलाच नव्हता. शेवटी बाईसाहेबांनी पाटावरवंटा दाखविला. सुपारीचा निम्मा भुगा जाहला, तो आक्कांनी तैसाच खाल्ला.

तात्पर्य, राज्यात आजमितीस वाइस बत्तीस आणि विलायती एक, सर्वांस नाव आहे, आणि काम एकावरही होत नाही. फळीचा तुकडा बाकाच्या खाचेत जागच्या जागी बसविला आहे, त्यावर काही जखडीत नाहीत, पुसतात तेही कोरड्या फडक्याने आणि अंगठा टाळोन. भिंतीवरील कायदा धन्यांनी स्वहस्ते पुसिला. खुंटी हिरव्यासंगे गेली, म्हणोन चष्मा कोठेही ठेवितात, तो रोज हरवतो, आणि रोज शोधितात. इतकेच लिहिणे होते, ते लिहिले.