कोंडू मिस्त्रीचं कवटीवालं तेल

टोकावड्यात ट्रक दुरुस्त करावा तर कोंडू मिस्त्रीनंच, असं सगळीकडे सांगणारा माणूस एकच. खुद्द कोंडू मिस्त्री! त्यामुळे दोन हजार तीनच्या मे महिन्यात प्रदूषणवाले साहेब आले आणि "जळकं ऑइल नाल्यात सोडता, पंधरा दिवसांत सुधारा, नाहीतर गॅरेजला सील," असं लिहून गेले, तेव्हा तो नुसता हसला. "पंधरा कशाला साहेब, आठ दिवस पुरं."

पण आतून टरकला होता. पंधरवडा संपायचा त्याच गुरुवारी त्याच्या अक्षदाला बघायला आटगावचे पाहुणे येणार होते. पोरीच्या बापाच्या धंद्याला सरकारी कुलूप दिसलं, तर सोयरीक जुळायच्या आधीच मोडणार.

मग कोंडूनं कसर ठेवली नाही. खाली कोबा, वर पत्रे, मधे झाकणाचं पिंप. पिंपावर 'धोकादायक' लिहून, फवारणीच्या औषधाच्या डब्यावर असते तशी लाल कवटी स्वतःच्या हातानं काढली. जळक्या तेलाचा थेंबन् थेंब पिंपात जाऊ लागला.

सोमवारी साहेब आले. झाकण उघडलं, तर पिंप रिकामं. तळाला एक पाल बसली होती.

"ऑइल कुठे ओतलंत?"

"ओतलं नाय साहेब, आईशपथ. परवा काठोकाठ होतं." कोंडूनं पिंपात डोकं घालून पाहिलं.

बायको जनाबाई पुढं आली. "आवो, लोकं नेतात ना. पावसाच्या आधी घराच्या मेढी-खांबांना वाळवीसाठी फासायला. दरसालचंच हाय."

"दरसाल डबाभर नेतात गो. अख्खं पिंप कोणी संपवलं?"

"यंदाचं जालीम हाय ना, मिस्त्री," शेजारची ठकी म्हणाली. "कवटी हाय त्याच्यावर. कवटीबिगर औषधानं किडा मरतो का? मी तर पार माहेरी निरोप धाडला."

साहेब गावात फिरले. बावीस घरांच्या मेढी काळ्याकुळकुळीत. ठकीनं कौतुकानं साहेबांचा हात धरून आपल्या मेढीवर टेकवला. साहेबांनी तो रुमालाला पुसला, रुमाल फेकून दिला आणि कोंडूला म्हणाले, "धोकादायक माल जिथे, बोर्ड तिथे. गुरुवारी संध्याकाळी येतो. एका जरी घरावर बोर्ड नसला, तर सील."

तीन दिवस कोंडू कवट्याच काढत होता. लोक रांगेत उभे. "माझी जरा मोठी काढ रे," असा आग्रह. तेल न नेलेल्यांनीही बोर्ड मागून नेले, वाळवी बघूनच पळेल म्हणून.

गुरुवारी दुपारी पाहुण्यांची जीप गावात शिरली. पहिल्या दारात कवटी. दुसऱ्या दारात कवटी. तिसऱ्या दारातली जरा मोठी. जीप थांबली. मुलाच्या बापानं डोकं बाहेर काढलं, लगेच आत घेतलं, आणि जीप मागच्या मागे जाऊ लागली. कोंडू धावला. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल रंगानं माखलेले, ते वर करून ओरडत, "धोका नाय वो! या, या!"

त्याला बघून जीपनं जो वेग घेतला, तो त्या रस्त्यावर एसटीनंही कधी घेतला नव्हता.

संध्याकाळी साहेब आले. घरन् घर मोजलं, कागदावर 'उत्तम' लिहून सही केली. कोंडूला रडावं की नाचावं कळेना. जनाबाईनं उरलेले पोहे पुढं ठेवले. साहेबांनी दोन बशा खाल्ल्या आणि ढेकर देत विचारलं,

"छान झालेत. आज घरात काही कार्यक्रम होता का?"

"होता," कोंडू म्हणाला.